विश्लेषण : गडचिरोली-चंद्रपुरात बाळाच्या हृदयातला दोष उशिरा का कळतो?

बाळ अंगावर दूध पिताना दोन मिनिटांत थकते. कपाळावर घाम येतो, थोडे थांबते, पुन्हा ओढते, पुन्हा सोडते. घरातले म्हणतात, लेकरू अशक्त आहे. अंगणवाडीच्या नोंदवहीत ‘कमी वजन’ असा शेरा पडतो. आरोग्य केंद्रात श्वास जलद दिसला म्हणून न्यूमोनियाचे औषध मिळते. प्रत्येकाने आपापले काम केलेले असते, तरीही बाळाच्या हृदयाला छिद्र असू शकते, ही शंका कोणाच्याच मनात आलेली नसते. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात जन्मजात हृदयदोष असा ओळखीच्या आजारांच्या आड लपतो. यातल्या गंभीर दोषांना मात्र थांबायला वेळ नसतो.

जन्मजात हृदयदोष म्हणजे काय?

गर्भातले हृदय साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात आकार घेते. एका साध्या नळीला पीळ पडतो, मध्ये पडदे तयार होतात, झडपा बसतात आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्या आपापल्या कप्प्यांना जोडल्या जातात. या घडणीत एखादी पायरी चुकली की दोष राहतो. अनेक स्त्रियांना तेव्हा आपण गरोदर आहोत हेही कळलेले नसते.

हजार जिवंत जन्मांमागे साधारण ८ ते १० बाळांमध्ये असा दोष असतो, असे मानले जाते. भारतात दरवर्षी दोन लाखांहून अधिक बाळे हृदयदोष घेऊन जन्मतात आणि त्यातल्या सुमारे पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच उपचार लागतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. दोन कप्प्यांमधल्या पडद्याचे छिद्र सर्वाधिक आढळते आणि त्यातली बरीच लहान छिद्रे आपोआप बुजतात. दोन्ही मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल, फुप्फुसातून येणाऱ्या शिरा भलत्याच कप्प्यात उघडणे, हृदयाची डावी बाजू खुरटलेली राहणे, दोन रक्तवाहिन्यांऐवजी एकच जाड वाहिनी निघणे हे दोष दुर्मीळ आहेत. एकेक मोजला तर दुर्मीळ. सगळ्यांची बेरीज केली तर तसे म्हणता येत नाही.

प्रत्येक दोषाचे वेळापत्रक वेगळे कसे?

गर्भात बाळ श्वास घेत नाही. त्यामुळे फुप्फुसांकडे जाणारे बरेचसे रक्त एका छोट्या वाहिनीतून थेट शरीराकडे वळवलेले असते. जन्मानंतर काही तासांत ही वाहिनी आकसू लागते आणि काही दिवसांत बंद होते. निरोगी बाळाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण काही गंभीर दोषांमध्ये बाळ याच वाहिनीच्या भरवशावर जगत असते. पहिल्या दिवशी ते गुलाबी असते, रडते, दूधही ओढते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाहिनी मिटत आली की अचानक थंड पडते, धापा टाकते. तोवर आई-बाळाला रुग्णालयातून सुटी मिळालेली असते.

या वाहिनीचे महत्त्व अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. हेलन टॉसिग यांनी ओळखले. त्यांना ऐकू कमी येत असे, त्यामुळे त्या हाताच्या स्पर्शाने मुलांचे हृदय तपासत. ज्या निळ्या बाळांची ही वाहिनी उघडी असते ती तग धरतात आणि ती मिटली की खालावतात, हे त्यांच्या ध्यानात आले. मग शस्त्रक्रियेने तशीच कृत्रिम वाट करून दिली तर? २९ नोव्हेंबर १९४४ रोजी शल्यविशारद आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी एका निळ्या बालिकेवर ती शस्त्रक्रिया केली. प्रयोगशाळेत हे तंत्र आधी साकारणारे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ व्हिव्हियन थॉमस त्यांच्या मागे उभे राहून सूचना देत होते. थॉमस यांचे नाव या शस्त्रक्रियेशी जोडले जायला मात्र कित्येक दशके लागली.

आज ही वाहिनी काही काळ उघडी ठेवणारे औषध आहे. प्रोस्टाग्लँडिन हे त्याचे नाव. ते सलाईनसारखे थेंबाथेंबाने चालू ठेवावे लागते, शीतपेटीत साठवावे लागते आणि त्यामुळे बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो. म्हणजे औषध सुरू करून साध्या गाडीतून बाळ नागपूरला पाठवून दिले, असे चालत नाही. सोबत प्रशिक्षित माणूस आणि कृत्रिम श्वासाची सोय लागते.

रक्तवाहिन्यांची अदलाबदल असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या महिन्यातच व्हावी लागते. या दोषात डाव्या कप्प्यावर फक्त फुप्फुसांकडे रक्त ढकलण्याचे हलके काम येते आणि काही आठवड्यांत त्याची ताकद उतरते. मग वाहिन्या जागेवर आणूनही तो सगळ्या शरीराचा भार पेलू शकत नाही. फुप्फुसाच्या शिरा चुकीच्या जागी उघडत असतील आणि त्यात अडथळाही असेल, तर हातात दिवसच असतात.

मोठ्या छिद्राची गोष्ट निराळी आहे. जन्मानंतर फुप्फुसांतला दाब चढा असतो, त्यामुळे छिद्रातून फारसे रक्त पलीकडे जात नाही आणि बाळ ठणठणीत दिसते. चार ते आठ आठवड्यांत हा दाब उतरला की फुप्फुसांकडे रक्ताचा लोंढा सुरू होतो. धाप, घाम आणि वजन न वाढणे ही लक्षणे तेव्हा दिसू लागतात. अशा बाळाची शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या वर्षात करावी लागते. ती टळत गेली तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होत जातात आणि एका टप्प्यानंतर छिद्र बंद करणेच घातक ठरते. डॉक्टर ‘आता उशीर झाला’ म्हणतात ते यामुळे. यात एक फसवा टप्पा येतो. वाहिन्या कडक होऊ लागल्या की लोंढा कमी होतो, धाप उतरते आणि मूल सुधारल्यासारखे वाटते. पालक निश्चिंत होतात ते नेमके याच वेळी.

हृदयदोष असलेले बाळ निळे दिसते ना?

सगळी नाही. साध्या छिद्राचे बाळ निळे नसतेच. आणि ज्या दोषांत निळेपणा असतो त्यांतही तो डोळ्यांना दिसेल असे नाही. या दोन जिल्ह्यांत तर हे खास लक्षात ठेवायला हवे.

ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन रक्तात साधारण ३ ते ५ ग्रॅमपर्यंत पोहोचले की ओठ, जीभ, नखे निळसर दिसतात. हिमोग्लोबिन १५ असलेल्या मुलाचा ऑक्सिजन ८० टक्क्यांच्या आसपास उतरला की रंग बदललेला कळतो. पण हिमोग्लोबिन ८ असेल, तर ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या जवळ येईपर्यंत काही वेगळे वाटत नाही. रक्तक्षय जिथे घरोघरी आहे आणि त्वचा सावळी आहे, तिथे ‘निळे दिसले की आणा’ हा सल्ला अपुरा पडतो. बघायचेच असेल तर उजेडात जीभ आणि हिरड्या बघाव्यात. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पल्स ऑक्सिमीटर.

करोनाकाळात घरोघरी पोहोचलेले हे यंत्र नवजात बाळांसाठीही वापरले जाते, फक्त त्याचा पट्टा वेगळा असतो. मोठ्यांची चिमटी बाळाच्या बोटाला लावून आलेला आकडा धरू नये. जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला पट्टा लावून दोन आकडे घेतात. दोन्ही ९५ किंवा अधिक आणि त्यांत तीनपेक्षा जास्त फरक नसेल तर ठीक. ९० च्या खाली आले तर लगेच पुढची तपासणी. मधले आकडे आले तर तासाभराने पुन्हा मोजायचे. अमेरिकेने २०११ मध्ये ही चाचणी नवजात बाळांच्या शिफारस केलेल्या तपासण्यांत घेतली. पाच मिनिटांचे काम आहे, सुई टोचावी लागत नाही.

मर्यादाही आहेत. गडद त्वचेवर हे यंत्र ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त दाखवू शकते. साधे छिद्र त्यात सापडत नाही. शरीराकडे जाणारी महारोहिणी अरुंद असेल तर तेही निसटू शकते. त्यासाठी बाळाच्या जांघेतली नाडी बोटांनी चाचपावी लागते.

न्यूमोनिया आणि हृदयदोष यांत गफलत का होते?

बाळाचा श्वास मोजण्याचे महत्त्व जगाला पटवण्यात गडचिरोलीचा मोठा वाटा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने इथल्या गावांतल्या निरक्षर दायांनाही न्यूमोनिया ओळखायला शिकवले. आकडे न येणाऱ्यांसाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन बनवले. पुढे आरोग्यदूत महिलांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला आणि १९९९ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज देशभर आशाताई बाळाच्या घरी जातात, त्याची मुळे या प्रयोगात आहेत.

दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५० किंवा जास्त असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यायची, हा नियम बरोबर आहे आणि त्याने असंख्य बाळे वाचली आहेत. पण छिद्राच्या बाळाचाही श्वास जलदच असतो. शिवाय फुप्फुसे रक्ताने भरलेली असल्याने त्याला न्यूमोनिया खरोखरच वारंवार होतो. औषध दिले की ताप उतरतो, सगळ्यांना हायसे वाटते, आणि पंधरा दिवसांनी बाळ पुन्हा दाखल होते.

फरक ताप उतरल्यानंतर कळतो. गाढ झोपेत, ताप नसताना, खोकला थांबल्यावरही श्वास भरभर चालत असेल तर हृदयाकडे बघायला हवे. दुसऱ्यांदा ‘न्यूमोनिया’ झालेल्या प्रत्येक तान्ह्या बाळाचे हृदय एकदा इको तपासणीत पाहावे, असा साधा दंडक पाळला तरी पुष्कळ बाळे वेळेत सापडतील.

कुपोषणाचेही तसेच. ग्राम बालविकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात महिनाभर नीट खाऊ घालूनही वजन हलत नाही, तेव्हा आईने घरी नेमके काय खाऊ घातले याची चौकशी होते. जलद श्वास आणि जलद ठोके यांतच बाळाची ऊर्जा जळते आणि दमल्यामुळे ते पोटभर पीतही नाही. असे बाळ नुसत्या आहाराने भरत नाही.

सरकारी तपासणी असूनही बाळे का निसटतात?

तपासणीची व्यवस्था कागदावर चांगली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच महाराष्ट्रात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघरला ६ फेब्रुवारी २०१३ रोजी झाली. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे ठरावीक आजार तपासतात. जन्मजात हृदयदोष त्यातला एक. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात.

आता हे वेळापत्रक हृदयदोषांच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. त्यानंतरची ठरलेली गृहभेट तिसऱ्या महिन्यात. मोठ्या छिद्राची लक्षणे अनेकदा याच सुमारास दिसू लागतात. आणि सहा महिन्यांनी येणारे पथक रक्तवाहिन्यांच्या अदलाबदलीचे बाळ शोधणार तरी कसे? ते बाळ अनेकदा पहिल्या महिन्यातच गेलेले असते.

म्हणून शिबिरांच्या याद्यांकडे जपून पाहावे लागते. शिबिरात टू-डी इको होते, छिद्र असलेली शाळकरी मुले सापडतात, त्यांच्या शस्त्रक्रिया होतात. हे चांगले काम आहे. पण या यादीत येतात ती मुले, जी तोवर जगली. दुर्मीळ आणि गंभीर दोषांची बाळे त्या यादीत नसतात. निदानाआधीच दगावलेल्या बाळाच्या नावापुढे कमी वजन, श्वसनाचा त्रास किंवा जंतुसंसर्ग लिहिले जाते. मग आपल्याकडे असे दोष फारसे नाहीत, असा समज तयार होतो.

मधली फट भरायला नवी योजना लागत नाही. दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने या तीन वेळांना बाळ लसीकरणासाठी येतेच. त्या दिवशी वजन, शांत असतानाचा श्वास आणि ऑक्सिजन असे तीन आकडे माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिले तर बरेच काही हाती लागेल. दुर्गम गावांतल्या गरोदर महिलांसाठी आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ची सोय आहे, तिथे आलेल्या आईला बाळंतपणानंतर दोन दिवस ठेवून, ऑक्सिजन मोजूनच घरी सोडता येईल.

सिकलसेल असलेल्या मुलाचे काय?

गडचिरोली आणि चंद्रपुरात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, त्यामुळे हा प्रश्न इथे टाळता येत नाही. हृदयाच्या खुल्या शस्त्रक्रियेत काही काळ रक्त यंत्रातून फिरवतात आणि शरीर थंड करतात. थंडी आणि ऑक्सिजनची कमतरता या दोन्हींमुळे सिकलसेलच्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. आधी माहीत असेल तर उपाय आहेत. आजारी मुलाचे काही रक्त बदलून निरोगी रक्त देतात, तापमान फार उतरू देत नाहीत. म्हणून या भागातल्या मुलाचा सिकलसेल अहवाल शस्त्रक्रियेच्या कागदांत पहिल्या पानावर हवा. मुंबईतल्या डॉक्टरांना तो प्रश्न सुचेलच असे नाही, पालकांनी स्वतः सांगावे.

शस्त्रक्रिया कुठे आणि खर्च कोणाचा?

भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून अधिक, तिथून नागपूर पुन्हा तेवढेच. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर आली की भामरागडचा रस्ताच बंद. चंद्रपूरला २०१५ पासून आणि गडचिरोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण तान्ह्या बाळाच्या हृदयाची शस्त्रक्रिया करणारे पथक उभे राहायला इमारतीपेक्षा जास्त काही लागते. गुंतागुंतीच्या दोषांसाठी नागपूर, मुंबई किंवा शेजारच्या छत्तीसगडची वाट धरावी लागते. कोरची, धानोरा भागाला रायपूर परके नाही. नवा रायपूर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया पूर्ण मोफत होतात.

राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली होता. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया त्यात बसतात. मदत क्रमांक १५५३८८. बाळाचे नाव शिधापत्रिकेत चढलेले नसते, त्यामुळे जन्मदाखला आठवडाभरातच काढून ठेवावा.

बिल शून्य आले म्हणून खर्च शून्य होत नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम, जुलैत धानाची रोवणी. आई-वडील दोघे महिनाभर परगावी राहिले तर वर्षाची कमाई बुडते, घरी दुसरी मुले असतात. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या आईला संमतीपत्रावर अंगठा कशासाठी द्यायचा हे कळेल अशा भाषेत सांगणारे कोणी नसते. ‘पालकांनी नकार दिला’ असा शेरा ज्या मुलांपुढे पडतो, त्यांच्यासोबत आशाताई किंवा ओळखीचा आरोग्यसेवक गेला असता तर किती नकार टिकले असते, हे तपासण्यासारखे आहे.

यात आईची काही चूक असते का?

नाही. ग्रहणात बाहेर पडल्याने किंवा काही विशिष्ट खाल्ल्याने असे होत नाही. बहुतेक वेळा एक ठोस कारण सापडत नाही. आईचा अनियंत्रित मधुमेह, गरोदरपणातला रुबेला, दारू, फिटची काही औषधे आणि जवळच्या नात्यातले लग्न यांनी धोका वाढतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयदोष असतो, त्यामुळे त्यांचा इको करायलाच हवा. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत अनेक मोठे दोष दिसू शकतात आणि मग बाळंतपण मोठ्या रुग्णालयाजवळ ठरवता येते.

घरी काय लक्षात ठेवायचे?

दूध पिताना घाम, झोपेतही जलद श्वास, वजन न वाढणे, वारंवार न्यूमोनिया. मोठे मूल खेळता खेळता उकिडवे बसून दम खात असेल तर तो थकवा किंवा आळस समजू नये. टेट्रालॉजी ऑफ फॅलो या दोषातली मुले असे बसतात, कारण त्याने फुप्फुसांकडे जाणारे रक्त वाढते. अशा बाळाला रडताना अचानक निळेपणाचा झटका आला तर त्याचे गुडघे दुमडून छातीशी धरावेत, शांत करावे आणि १०८ ला फोन करावा. पाणी शिंपडत किंवा पाठ थोपटत बसू नये.

शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचे दात मात्र जपावे लागतात. किडलेल्या दातातले जंतू रक्तावाटे हृदयापर्यंत जाऊन तिथे संसर्ग करू शकतात, म्हणून दात काढण्याआधी डॉक्टरांना शस्त्रक्रियेची फाइल दाखवावी. ती फाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागी ठेवावी आणि तिच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा.